अज्ञानाचें पांघरूण

इ. स. २०२५ च्या जून महिन्याच्या आरंभीं कॅनडांतील हडसन्स बे कंपनीचीं उरलींसुरलीं दुकानें कायमचीं बंद झालीं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस् याच्या सनदेनें १६७० सालीं जन्मास आलेली ही संस्था ३५५ वर्षें जगून अखेर कर्जापायीं बुडाली. मेलेल्याविषयीं बरें बोलावें हा जो शिष्टाचार आहे, तो मनुष्यांप्रमाणें व्यापारी मंडळ्यांच्या बाबतींतहि पाळला जातो. आणि तो पाळण्यास आमची हरकत नाहीं. परंतु अशा निमित्तानें एक जुनाच युक्तिवाद पुन्हां कानांवर येतो, त्याकडे दुर्लक्ष करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तो युक्तिवाद असा: उत्तर अमेरिकेच्या सरहद्दीवर बीव्हर नांवाच्या प्राण्याचा जो संहार झाला तो शोचनीय खरा, पण आपण काय करीत आहों याची त्या काळच्या लोकांस कल्पनाच नव्हती. अरण्य अफाट, प्राणी असंख्य, ज्ञान तोकडें. तेव्हां आजच्या ज्ञानाच्या कांट्यानें त्यांना तोलणें हा अन्याय होय. ऐकावयास हा युक्तिवाद मोठा उदार वाटतो. शिकविण्याचा धंदा करणाऱ्या आमच्यासारख्यांस तर तो फारच सोईचा. कारण तो एकदां मान्य केला कीं कोणाचाच न्याय करण्याचें कारण उरत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, निदान या प्रकरणीं तो खोटा आहे, आणि त्याचा खोटेपणा सिद्ध करणारा पुरावा खुद्द कंपनीच्याच दप्तरांत आहे.

ही कंपनी आमच्या वाचकांस वाटेल तितकी परकी नव्हे. ज्या दुसऱ्या चार्लस् राजानें १६६८ सालीं मुंबई बेट सालीना दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरांत टाकलें, त्यानेंच दोन वर्षांनीं आपला आतेभाऊ राजपुत्र रूपर्ट व त्याचे भागीदार यांस हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचें सबंध खोरें बहाल केलें. त्या मुलखाचा खंड काय, तर राजा वा त्याचे वारस तेथें पाऊल ठेवतील तेव्हां दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर! 'रूपर्टची भूमि' या नांवानें ओळखला गेलेला हा प्रदेश सांप्रतच्या भारताहून विस्तारानें मोठा होता. तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या क्री आदि लोकांस कोणी विचारलें नव्हतें, हें सांगणें नकोच. कंपनी सरकार म्हणजे काय हें ज्यांच्या पूर्वजांनीं अनुभविलें आहे, त्यांना एवढें तरी सहज समजावें कीं, कंपनीचा कायदा वाचावयाचा तर आधीं तिचें वहीखातें वाचावें लागतें.

या सर्व खटाटोपाचें मूळ एका टोपींत होतें. बीव्हर हा कुरतडणाऱ्या वर्गांतील, पाण्यांत व पाण्याकांठीं राहणारा प्राणी. दातांनीं झाडें पाडून, फांद्या, चिखल आणि दगड यांचा बांध घालून तो ओढ्याचें तळें करतो, आणि त्या तळ्यांत आपलें घर बांधतो. त्याच्या अंगावर वरच्या बाजूस राठ केंस आणि खालीं दाट मऊ लव असते. या लवेचे तंतु एकमेकांत घट्ट अडकतात. त्यामुळें ती दाबून-कुटून जो नमदा होतो तो पावसांतहि आकार सोडीत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपांतील प्रतिष्ठित मनुष्याच्या डोक्यावरची उत्तम हॅट या नमद्याची असे. तिच्यापायीं युरोपचे बीव्हर जवळजवळ संपले, आणि मग व्यापाऱ्यांची दृष्टि अमेरिकेकडे वळली. युरोपीय लोक येण्यापूर्वीं उत्तर अमेरिकेंत किती बीव्हर होते याविषयींचे अंदाज सहा कोटींपासून चाळीस कोटींपर्यंत जातात. विसाव्या शतकाच्या आरंभीं सुमारें एक लाख उरले होते असें मानतात. वरचा अंदाज सोडून खालचाच धरला, तरी सहाशेंतील एक उरला!

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. १८२१ सालीं हडसन्स बे कंपनीनें नॉर्थ वेस्ट कंपनी या आपल्या कट्ट्या प्रतिस्पर्ध्यास पोटांत घेतलें. त्यापूर्वींचीं कित्येक वर्षें दोन्ही मंडळ्यांनीं एकमेकींच्या शेजारीं ठाणीं घालून, दारू पाजून आणि उधारी वाढवून अरण्यें उपसून काढलीं होतीं. मक्ता हातीं आल्यावर गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन यानें काय केलें पहा. ज्या जिल्ह्यांत बीव्हर रोडावले होते तेथें दरसालच्या कातड्यांवर मर्यादा घातली. उन्हाळ्यांतील कातडीं आणि पिलांचीं कातडीं घेण्यास आळा घातला. कित्येक ठिकाणीं पोलादी सांपळे बंद करविले. आणि शेतकरी पाळीपाळीनें जमीन पडीक ठेवतो त्याप्रमाणें ठाणीं हलवून कांहीं मुलखास विसांवा दिला. पुढें जेम्स उपसागरांतील चार्लटन बेटावर बीव्हर सोडून त्यांची पैदासहि करविली. हे उपाय सर्वत्र सफळ झाले असें नाहीं. परंतु त्यांच्या यशापयशाचा येथें प्रश्नच नाहीं. प्रश्न ज्ञानाचा आहे. पिलूं मारलें तर कातडें लहान मिळतें आणि वंशहि तुटतो, मुलखास विसांवा दिला तर प्राणी पुन्हां वाढतात, हें सर्व १८२० नंतरच्या दहा वर्षांत कंपनीला स्वच्छ ठाऊक होतें. आणि तिनें तें आपल्या हुकूमनाम्यांत उतरविलें होतें.

त्याच दहा वर्षांत, त्याच गव्हर्नरच्या संमतीनें, रॉकी पर्वताच्या पलीकडे काय चाललें होतें? ऑरेगॉन म्हणून ओळखला जाणारा तो पश्चिमेकडचा प्रदेश १८१८ च्या करारान्वयें ब्रिटन आणि अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें या दोघांच्याहि प्रजाजनांस मोकळा होता. त्याची वांटणी अद्यापि व्हावयाची होती. कोलंबिया नदीच्या दक्षिणेचा भाग आज ना उद्यां अमेरिकनांकडे जाणार, असा कंपनीचा अंदाज होता. उत्तरेचा भाग मात्र तिला राखावयाचा होता. तेव्हां सिम्पसन आणि लंडनचे संचालक यांनीं असें ठरविलें कीं, दक्षिणेकडे स्नेक नदीच्या मुलखांत होतां होईल तों एकहि बीव्हर शिल्लक ठेवूं नये. बीव्हर नसला म्हणजे अमेरिकन शिकारी पुढें येणार नाहीं, आणि शिकारी आला नाहीं म्हणजे त्याच्यामागून त्याचें सरकार येणार नाहीं. इतिहासकार या धोरणास 'फरचें वाळवंट' असें नांव देतात. शत्रु येण्यापूर्वीं विहिरी बुजवून उभीं पिकें जाळणाऱ्या सेनापतीचीच ही युक्ति. फरक एवढाच कीं, येथें जळत होतें तें घर तिसऱ्याचें होतें, आणि जाळणाऱ्याला वर कातड्यांचा नफा मिळत होता.

१८२४ पासून १८३० पर्यंत पीटर स्कीन ऑग्डन हा कंपनीचा अधिकारी मोठी टोळी घेऊन या मोहिमांवर जात असे. सांपळ्याची रीत अशी: बीव्हराच्याच ग्रंथींतून निघणारें उग्र वासाचें द्रव्य काडीला लावून ती कांठाशीं रोवावयाची, तिच्याखालीं उथळ पाण्यांत पोलादी सांपळा ठेवावयाचा, आणि त्याची सांखळी खोल पाण्यांत पक्की करावयाची. आपल्या हद्दींत कोणी परका आला असें समजून बीव्हर येतो, त्याचा पाय अडकतो, भिऊन तो खोल पाण्यांत बुडी घेतो आणि सांपळ्याच्या वजनानें वर येऊं न शकून गुदमरून मरतो. वसंत ऋतूंत हा उद्योग जोरांत चाले, कारण हिंवाळ्यानंतर लव दाट असते. आणि वसंत ऋतूंतच माद्या गाभण असतात. १८२८-२९ च्या मोहिमेच्या रोजनिशींत ऑग्डननें केलेली एक नोंद आमच्या मतें या सबंध व्यापाराच्या इतिहासांत सर्वांत बोलकी आहे. तिचा आशय असा: थोड्याच दिवसांत पन्नासांहून अधिक माद्या हातीं लागल्या, आणि सरासरीनें प्रत्येकीच्या पोटांत विण्याच्या बेतास आलेलीं चार पिलें होतीं, या मुलखावरील आपला ताबा इतका कच्चा नसता तर फक्त शरदृतूंत शिकार करणें हेंच आपल्या हिताचें झालें असतें, आणि मग हा मुलूख उजाड होण्यास पुष्कळ वर्षें लागलीं असतीं.

वाचकांनीं हा आशय पुन्हां एकदां वाचावा. यांत अज्ञान कोठें आहे? माद्या किती, पिलें किती, कोणत्या ऋतूंत मारणें गैर, त्याचा परिणाम काय, दुसरी वाट कोणती आणि ती कां धरावयाची नाहीं, हें सर्व त्यांत आलें आहे. आजच्या प्राणिशास्त्रज्ञास त्यांत भर घालण्यासारखें फारसें सांपडणार नाहीं. ही नोंद करणारा मनुष्य मूर्ख नव्हता, आणि आम्हांस तर तो दगडाच्या काळजाचाहि वाटत नाहीं. तरीहि त्याचे सांपळे थांबले नाहींत. आमच्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती इजाऱ्यानें दिल्या जात. रयत पिळली म्हणजे गांव ओस पडतो हें त्या इजारदारांस काय ठाऊक नव्हतें? पक्कें ठाऊक होतें. पण इजारा थोड्या मुदतीचा, आणि मुदत सरल्यावर गांव दुसऱ्याचा! ऑग्डनचा 'कच्चा ताबा' हा याच भाषेंतील शब्द आहे, आणि तो समजण्यास आम्हांस कोणत्याहि कोशाची गरज नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, बीव्हर मारले ते तेथल्या मूळ रहिवाश्यांनीं. गोऱ्या व्यापाऱ्यानें कातडीं विकत घेतलीं, इतकाच त्याचा दोष. पूर्वेकडील अरण्यांपुरतें यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. भांडीं, कुऱ्हाडी, कांबळीं आणि बंदुका यांच्या मोबदल्यांत कातडीं आणून देणारे शिकारी बहुतेक मूळ लोकच होते. इरोक्वा लोकांनीं १६४९ सालीं ह्यूरन लोकांचीं गांवें उध्वस्त केलीं, त्याच्या कारणांत या व्यापाराची चढाओढ होती, हाहि इतिहासच आहे. परंतु स्नेक नदीवर हा बचाव लंगडा पडतो. तेथें कंपनीनें शोशोनी आदि स्थानिक लोक कातडीं विकावयास आणतील याची वाट पाहिली नाहीं. आपलीच टोळी नेली. त्या टोळींत फ्रेंच-कॅनेडियन होते, मिश्र वंशाचे लोक होते, पूर्वेकडून आलेले इरोक्वाहि होते. पण ते कंपनीचे चाकर नाहीं तर ऋणको म्हणून. उलट रॉकी पर्वताच्या पूर्वेच्या माळांवर ब्लॅकफूट लोक बीव्हर मारण्यास सामान्यतः नाखूष असत. त्यांच्या धर्मविधींत बीव्हरास पवित्र स्थान होतें. शिवाय कोरड्या माळरानावर बीव्हराचें तळें म्हणजे घोड्यांचें, गव्यांचें आणि माणसांचें पाणी. व्यापारी अशा लोकांस आळशी म्हणून नांवें ठेवीत. बांध कोणी घातला आणि त्याचें पाणी कोण पितो हें ज्याला कळतें तो आळशी, आणि पन्नास गाभण माद्या मोजून पुढें चालणारा तो उद्योगी!

तिसरा बचाव वीररसाचा. वॉशिंग्टन अर्व्हिंगचा 'अ‍ॅस्टोरिया' हा ग्रंथ १८३६ सालीं प्रसिद्ध झाला. असल्या ग्रंथांनीं डोंगरांत एकटा हिंडणाऱ्या, कोणाचा मिंधा नसलेल्या शिकाऱ्याची मूर्ति इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मनांत बसविली, आणि पुढें चित्रपटांनीं ती रंगविली. त्या मनुष्याचें धैर्य आम्ही कमी लेखीत नाहीं. बर्फ वितळून आलेल्या पाण्यांत उभें राहून सांपळे मांडणें, अस्वलाशीं गांठ, उपासमार, हें सर्व खरें आहे. तो स्वतंत्र होता हें मात्र पुष्कळदां खरें नव्हतें. १८२२ सालीं विल्यम अ‍ॅश्ले यानें सेंट लुइस येथें शंभर तरुण पाहिजेत अशी जाहिरात दिली, आणि १८२५ पासून १८४० पर्यंत बहुतेक दर उन्हाळ्यांत डोंगरांतच शिकाऱ्यांची जत्रा भरूं लागली. शिकारी तेथें वर्षाचीं कातडीं देई, आणि सेंट लुइसच्या कित्येक पट भावानें बारूद, कॉफी, तंबाखू आणि दारू घेई. जत्रा उठतांना कित्येकांच्या हातीं पुढच्या वर्षाचें कर्ज तेवढें उरे. १८२५ च्या मे महिन्यांत ऑग्डनच्या टोळींतील बरेच शिकारी कातड्यांसह अमेरिकनांस जाऊन मिळाले. कंपनीचा भाव हलका आणि तिचें कर्ज जड, हेंच त्याचें कारण. अ‍ॅश्ले १८२६ सालीं आपला धंदा विकून मोकळा झाला, आणि पुढें अमेरिकेच्या कायदेमंडळांत जाऊन बसला. जॉन जेकब अ‍ॅस्टर १८३४ सालीं फरच्या व्यापारांतून बाहेर पडला, आणि १८४८ सालीं वारला तेव्हां तो अमेरिकेंतील सर्वांत धनाढ्य मनुष्य होता. थंड पाण्यांत उभा राहणारा एक आणि गडगंज होणारा दुसरा. त्या पहिल्याच्या शौर्यावर दुसऱ्याचा हिशोब झांकून टाकणें हें इतिहासाचें काम नव्हे.

चौथा आक्षेप अर्थशास्त्र शिकलेल्यांचा आहे, आणि तो सर्वांत चतुर आहे. ते म्हणतील, "तुम्हीच दाखविलेंत कीं, जेथें कंपनीची मालकी पक्की तेथें तिनें प्राणी जपला, आणि जेथें ती कच्ची तेथें तो मारला. तात्पर्य, पक्की मालकी द्या म्हणजे रक्षण आपोआप होईल." यावर आमचें उत्तर असें. रूपर्टच्या भूमींत कंपनीनें जें जपलें तें बीव्हरांचें उत्पन्न होतें. बीव्हर त्याच्या ओघानें जपला गेला. याची साक्ष दारू देते. मक्त्याच्या मुलखांत १८२१ नंतर कंपनीनें दारू आटोक्यांत आणली. आणि जेथें सरहद्दीपलीकडून अमेरिकन व्यापारी येत, तेथें ती चालू ठेवली. कातड्यांवरच्या मर्यादाहि त्याच सरहद्दीपाशीं ढिल्या पडल्या. जी नीति नकाशावरच्या रेषेपाशीं येऊन थांबते, तिला आम्ही काटकसर म्हणूं. रक्षण म्हणणार नाहीं. शिवाय, 'पक्की मालकी' म्हणतांना ती कोणाची, हा प्रश्न हे पंडित विचारीतच नाहींत. स्नेक नदीवर ज्यांचा मुक्काम सर्वांत पक्का होता, ज्यांस दुसरीकडे जावयाचें नव्हतें, त्या लोकांस ना लंडनच्या बैठकींत जागा होती, ना वॉशिंग्टनच्या. ताबा कच्चा होता तो पाहुण्यांचा, आणि घर उजाड करण्याचा निर्णय पाहुण्यांनीं केला.

आणि या शहाणपणाचें फळ काय झालें? स्नेकचा मुलूख पुष्कळसा उजाड झाला, पण अमेरिकन थांबले नाहींत. १८४३ पासून ते जमिनीसाठीं, गाड्या जुंपून, शेंकड्यांनीं ऑरेगॉनांत उतरूं लागले. बीव्हर आहे कीं नाहीं याची त्यांना पर्वाच नव्हती. १८४६ च्या तहानें एकुणपन्नासाव्या अक्षांशापर्यंतचा मुलूख, म्हणजे कोलंबियाच्या उत्तरेचाहि बराच भाग, त्यांच्याकडे गेला. बीव्हर गेला आणि मुलूखहि गेला. कित्येक जण यावर समाधानानें सांगतात कीं, १८३० च्या सुमारास रेशमी हॅटची चाल पडूं लागली, आणि तिनें उरलेला प्राणी वांचविला. मागणी उतरली हें खरें. पण एवढ्या जाणत्या लोकांच्या हातून जो प्राणी वांचावयास हवा होता तो टोपीवाल्यांच्या लहरीनें वांचला, हें त्या जाणतेपणाचें भूषण म्हणावें काय?

आम्ही हें इतक्या आग्रहानें कां लिहितों, असें कोणी विचारील. 'त्यांना ठाऊक नव्हतें' हें वाक्य आपण दुसऱ्यांच्या पूर्वजांसाठीं खर्च करतों, तेव्हां तीच सवलत आपण स्वतःसाठीं राखून ठेवीत असतों. आजच्या काळीं नदी अडविण्यापूर्वीं, डोंगर फोडण्यापूर्वीं, अरण्य तोडण्यापूर्वीं अहवाल लिहिले जातात. त्यांत झाडें मोजलेलीं असतात, पक्षी मोजलेले असतात, उठणारीं गांवें मोजलेलीं असतात. आणि पुष्कळदां तो अहवाल बांधून ठेवून काम पुढें चालू होतें. ज्ञान वाढलें म्हणजे वर्तन सुधारेल, ही आम्हां शिकविणाऱ्यांची जन्माची श्रद्धा. ऑग्डनची रोजनिशी तिलाच धक्का देते. मोजदाद करणें हा एक गुण आहे, आणि मोजलेल्याचे परिणाम ज्यांना भोगावयाचे आहेत त्यांच्या हातीं निर्णय देणें हा दुसरा. पहिला गुण दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं, हा या प्रकरणाचा धडा आहे. आणि तो कॅनडाइतकाच आमच्याहि कामाचा आहे.

एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. ऑग्डनच्या मोहिमांनंतर सुमारें एकशेंवीस वर्षांनीं, १९४८ सालीं, स्नेक नदीस पाणी देणाऱ्या आयडाहो राज्यांतील डोंगराळ प्रदेशांत तेथल्या सरकारी शिकार-खात्यानें ७६ बीव्हर लांकडी पेट्यांत घालून विमानांतून हवाई छत्र्यांनीं खालीं सोडले. वस्तीच्या भागांत त्यांचा उपद्रव होत होता आणि दुर्गम रानांत ते हवे होते, म्हणून ही योजना. एक बीव्हर वाटेंत दगावला. बाकीचे सुखरूप उतरून तेथें नांदूं लागले. ज्या मुलखांत एकहि बीव्हर उरूं नये म्हणून वर्षानुवर्षें टोळ्या पाठविल्या, त्या मुलखांत ते आकाशांतून आणून सोडण्याची पाळी आली. ऑग्डननें मोजलेल्या त्या पन्नास माद्यांचीं कातडीं कंपनीच्या खात्यावर जमा झालीं. त्यांच्या पोटांतलीं दोनशें पिलें कोणाच्याहि खात्यावर पडलीं नाहींत. तीं योग्य त्या खात्यावर मांडणें हें इतिहास सांगणाऱ्याचें कर्तव्य आहे, आणि त्याला प्रथम हें अज्ञानाचें पांघरूण बाजूस सारावें लागेल.